अंतराळांतील विनोद आणि त्याची प्रतीक्षा

मनुष्याच्या आयुष्याचा किती मोठा भाग वाट पाहण्यांत जातो, याचा हिशेब कोणीं मांडला तर तो स्वतःच चकित होईल. आम्हां ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील लोकांना तर ही विद्या निराळी शिकावी लागत नाहीं. रेल्वेच्या फलाटावर उभें राहतां राहतां ती अंगवळणी पडते. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, तेव्हां ती पाहावयास लोक रुळांच्या दुतर्फा जमले होते. आज त्याच मार्गावर गाडीस चार मिनिटांचा विलंब झाला तर आपल्या कपाळास आठ्या पडतात. परंतु एक वाट पाहणें असें आहे कीं, तें लांबलें तरी त्याचा वीट येत नाहीं. उलट त्याची गोडी वाढत जाते. आवडत्या गोष्टीच्या पुढील भागाची वाट पाहणें तें हें होय.

गेल्या सत्रांत मधल्या सुट्टींत आमच्या वर्गांत एक वाद रंगला होता. अंतराळांत घडणाऱ्या एका नव्या विनोदी मालिकेची दीड-दोन मिनिटांची झलक कांहीं मुलांनीं पाहिली होती. तेवढ्यावरून यानाचा कप्तान शूर निघेल कीं भित्रा, त्याच्या यंत्रमानवास हंसूं येईल कीं नाहीं, पृथ्वीवर सुखरूप परत कोण येईल, यांविषयीं वर्गांत सरळ दोन पक्ष पडले. आमचे गणिताचे शिक्षक दारांत येऊन कांहीं वेळ शांतपणें ऐकत उभे राहिले व मग म्हणाले, "जी गोष्ट तुमच्यापैकीं कोणीं पाहिलेलीच नाहीं, तिच्याविषयीं इतकें भांडण कशासाठीं, रे?" कोणासच उत्तर देतां आलें नाहीं. घंटा झाली व वाद तेथेंच राहिला. तथापि तो प्रश्न माझ्या मनांत घोळत राहिला, आणि त्याचें उत्तर शोधण्याचा यत्न म्हणजेच हा लेख होय.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, हा छंद आजच्या मुलांनीं काढलेला नाहीं. दूरचित्रवाणीचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें त्या काळीं, म्हणजे १८६५ सालीं, ज्यूल व्हर्न या फ्रेंच ग्रंथकर्त्यानें पृथ्वीवरून चंद्राकडे जाण्याची कथा पॅरिसच्या एका दैनिकांत क्रमशः प्रसिद्ध केली. ती कथा साहसाची आहे, परंतु तिचा पाया विनोदाचा आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यामुळें तोफखान्यांतील कांहीं मंडळी बेकार झाली. कोणाचा हात गेलेला, कोणाचा पाय लांकडाचा. पण त्यांचें खरें दुःख हेंच कीं, आतां तोफा डागावयाच्या कोणावर? अखेर त्यांचा अध्यक्ष अशी युक्ति काढतो कीं, नऊशें फूट लांबीची तोफ ओतून चंद्रावरच गोळा मारावा. तोंच एका उत्साही फ्रेंच गृहस्थाची तार येते कीं, गोळा आंतून पोकळ करा, मी त्यांत बसून जातों. तिघे जण त्यांत बसतात, तोफ उडते, आणि गोळा चंद्रावर न आदळतां त्याच्याभोंवतीं फिरूं लागतो. येथेंच पुस्तक संपतें! त्या तिघांचें पुढें काय झालें, हें सांगणारा दुसरा भाग निघाला तो १८६९ सालीं. चार वर्षेंपर्यंत तीन जीव चंद्राभोंवतीं फिरत ठेवून ग्रंथकर्ता स्वस्थ राहिला, आणि वाचकांनीं तेवढा काळ कसा काढला असेल याची कल्पना आपण करूं शकतों.

मराठी वाचकहि या प्रतीक्षेंतून सुटला नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं 'केरळ कोकिळ' या मासिकांतून हीच कथा 'चंद्रलोकची सफर' या नांवानें क्रमाक्रमानें मराठींत येऊं लागली. अंक महिन्यानें निघावयाचा, टपालानें यावयाचा, आणि तोंवर आकाशांतील प्रवासी आकाशांत लोंबकळत राहावयाचे. पुढें फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांनीं व्हर्नच्या अनेक कथा मराठी मुलांच्या हातीं दिल्या. 'चंद्रावर स्वारी' व 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हीं त्यांपैकींच होत. या दुसऱ्या कथेंत एक धूमकेतु पृथ्वीस घांसून जातो व तिचा एक तुकडा, त्यावरील माणसांसकट, आपल्याबरोबर घेऊन जातो. मौज ही कीं, त्या तुकड्यावर सांपडलेले दोन इंग्रज अधिकारी जग कोठें चाललें आहे याची फिकीर न करितां आपला बुद्धिबळाचा डाव पुढें चालूं ठेवितात. सारें विश्व हललें तरी मनुष्य आपली संवय सोडीत नाहीं, हें पाहून आपणांस हंसूं येतें. आणि अंतराळांतील विनोदाचें मर्म येथेंच सांपडतें.

हें मर्म आपल्या मातीस परकें नाहीं. तमाशांत वग सुरू झाला म्हणजे राजा सिंहासनावर बसून मोठमोठ्या आज्ञा देतो, आणि शेजारीं उभा असलेला सोंगाड्या भाकरीची गोष्ट काढतो. संस्कृत नाटकांतील विदूषकहि, नायक विरहानें व्याकुळ झाला असतां, मोदकांची आठवण करितो. थोर व क्षुद्र हीं दोन्ही शेजारीं शेजारीं उभीं केलीं म्हणजे हास्य उत्पन्न होतें. आतां आकाशाहून थोर असें दुसरें काय आहे? म्हणूनच कोट्यवधि कोसांच्या त्या पोकळींत एखादा मनुष्य आपल्या हरवलेल्या मोज्याचा शोध करूं लागला, तर तोच मोजा घरीं हरवल्यापेक्षां दसपट हंसूं येतें.

परंतु सोंगाड्यास बोलण्यापूर्वीं राजा दरबारांत यावा लागतो. दूरचित्रवाणीवरहि असेंच घडलें. ८ सप्टेंबर १९६६ रोजीं अमेरिकेंत 'स्टार ट्रेक' ही गंभीर वळणाची अंतराळमालिका सुरू झाली. दुसऱ्या वर्षाअखेर ती बंद पडणार अशी वार्ता पसरतांच प्रेक्षकांनीं वाहिनीकडे पत्रांचा असा वर्षाव केला कीं, मालिका पुढें चालणार आहे, असें १९६८ च्या मार्च महिन्यांत एका भागाच्या शेवटीं वाहिनीस जाहीर करावें लागलें. ७९ भाग होऊन १९६९ सालीं ती थांबली. तथापि तिचे चाहते थांबले नाहींत. १९८० नंतरच्या दशकांत तीच मालिका रविवारीं सकाळीं आपल्या दूरदर्शनवर दिसूं लागली.

माझे मामा त्या वेळीं डोंबिवलीस एका चाळींत राहत असत. साऱ्या चाळींत दूरचित्रवाणीचे संच दोनच. रविवार उजाडला कीं एक मुलगा गच्चीवर चढून वरळीच्या मनोऱ्याच्या दिशेनें अँटेना फिरवी, दुसरा जिन्यांत उभा राही, आणि खालीं खोलींत वीस-पंचवीस मुलें दाटीवाटीनें बसत. "आलं का?" "नाही, मुंग्या आल्या!" हा संवाद तीन मजल्यांवरून चाले. इंग्रजी भाषण फारसें कोणास कळत नसे. टोंकदार कानांच्या त्या गृहस्थानें एक भुंवई उंचावली कीं सर्व मुलें हंसत. मामा म्हणतात कीं, मालिका अर्धा-पाऊण तास चाले खरी, पण आम्ही ती आठवडाभर पाहत असूं. कारण न समजलेलें संभाषण काय असावें, हें ठरविण्यांत सोमवार ते शनिवार निघून जाई. हें वाक्य मी विसरलों नाहीं, कारण सरांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला त्यांतच सांपडलें.

राजा असा दरबारांत स्थिर झाल्यावर सोंगाडे येऊं लागले. १९७८ सालीं इंग्लंडच्या नभोवाणीवर डग्लस ॲडम्स यांची आकाशगंगेंतील भटकंतीची विनोदी कथा सुरू झाली. तींत आकाशांतील एक राजमार्ग बांधावयाचा म्हणून पृथ्वी पाडून टाकितात, जणूं रस्तारुंदीकरणांत आलेली एखादी टपरीच! १९८८ सालीं तेथील दूरचित्रवाणीवर 'रेड ड्वार्फ' आली. आणि १० सप्टेंबर २०१७ रोजीं अमेरिकेंत सेथ मॅकफार्लेन यांची 'द ऑर्विल' सुरू झाली. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकीं ऑर्विल याचें नांव धारण करणाऱ्या या यानावर, कप्तानाच्या हाताखालीं दुय्यम अधिकारी म्हणून त्याचीच घटस्फोटित पत्नी येते, आणि विश्वांतील संकटें व घरांतील संकटें एकाच खोलींत सोडवावीं लागतात. एका भागांत यंत्रमानवास थट्टा म्हणजे काय तें शिकविण्यांत येतें. तो धडा इतक्या मनोभावें घेतो कीं, झोंपलेल्या सोबत्याचा पायच कापून लपवून ठेवितो. त्या काळचें वैद्यक पाय पुन्हां उगवूं शकतें, म्हणून आपण हंसूं शकतों. परंतु थट्टा आणि इजा यांमधील सीमा बुद्धीनें नव्हे तर सहानुभूतीनें कळते, हा बोध त्या हास्याच्या पाठोपाठ येतोच. अशा मालिकांची लोक वाट कां पाहतात याचें एक कारण हेंच आहे. त्या हंसवितां हंसवितां मनुष्य कोण आहे हें दाखवितात.

दुसरें कारण शास्त्राचें आहे. अंतराळांतील उत्तम विनोद बहुधा खऱ्या नियमांतूनच निघतो. पुष्कळांचा समज असा असतो कीं, आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर पृथ्वीचें आकर्षण पोंचत नाहीं, म्हणून माणसें तेथें तरंगतात. हें बरोबर नव्हे. तें स्थानक भूपृष्ठापासून सुमारें ४०० किलोमीटर उंच आहे, म्हणजे रस्त्यानें ठाण्याहून कोल्हापूर जितकें दूर, जवळजवळ तितकेंच. आणि तेथें पृथ्वीचें आकर्षण जमिनीवरच्या सुमारें नऊ-दशांश इतकें असतें. परंतु तें ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें पुढें जात असल्यामुळें सतत पडत राहूनहि जमिनीस लागत नाहीं. त्याच्या आंतील माणसेंहि त्याच्याबरोबर पडतच असतात, म्हणून तरंगतात. जो मनुष्य दिवसभर पडत असूनहि कोठेंच आपटत नाहीं, त्याच्यापेक्षां विनोदी नायक कोणता मिळणार?

इतिहासांतहि याचे दाखले आहेत. २३ मार्च १९६५ रोजीं जेमिनी-३ या यानांतून जात असतां जॉन यंग या अंतराळवीरानें आपल्या खिशांतून गुपचूप आणलेलें एक सँडविच बाहेर काढलें. त्याचे कण मोकळे होऊन यंत्रांत शिरतील या भीतीनें तें लागलीच परत खिशांत ठेवण्यांत आलें. परंतु या घांसभर पावाची चर्चा पुढें अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपर्यंत गेली. आपले शुभांशु शुक्ल २०२५ च्या जून महिन्यांत स्थानकावर गेले, तेव्हां त्यांनीं गाजराचा व मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस बरोबर नेला होता. तेथें वाटी उपडी केली तरी रस सांडत नाहीं, आणि चमचा झटकला तर रसाचा गोळा शेजाऱ्याच्या नाकाकडे संथपणें निघतो. ज्यास हा नियम ठाऊक आहे तो आधींच हंसूं लागतो. ज्यास ठाऊक नाहीं तो हंसल्यावर नियम शिकतो.

विनोद आणि प्रतीक्षा यांची गांठ तर प्रकाशाच्या वेगानेंच बांधून दिली आहे. चंद्र सरासरीनें ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. तेथें निरोप पोंचण्यास सुमारें १.३ सेकंद लागतात. म्हणजे चंद्रावरील मित्रास चुटका सांगितला, तर त्याचें हास्य आपणांस अडीच सेकंदांहून थोडें अधिक वेळानें ऐकूं येईल. तेवढ्यांत आपणांस वाटेल कीं, चुटका फुकट गेला. मंगळावर निरोप जाण्यास, तो कोठें आहे त्याप्रमाणें, सुमारें ३ ते २२ मिनिटें लागतात. तेव्हां मंगळावरील मनुष्यास हंसविणाऱ्यानें हंसण्याच्या आवाजाकरितां निदान सहा मिनिटें, आणि ग्रहस्थिति प्रतिकूल असली तर पाऊण तासाच्या आंतबाहेर, धीर धरला पाहिजे! मंगळावर वस्ती करावयाची असेल, तर वाट पाहतां पाहतां प्रसन्न राहण्याची कला मनुष्यास शिकावीच लागेल.

आतां सरांच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. न पाहिलेल्या गोष्टीविषयीं भांडण कशासाठीं? मला असें वाटतें कीं, याचें उत्तर त्यांच्याच विषयांत आहे. बीजगणितांत जो 'क्ष' अद्याप कोणीं पाहिलेला नसतो, त्याच्याविषयींच आपण पानेंच्या पानें लिहितों. जें ज्ञात आहे त्यावरून अज्ञाताचा माग काढणें हेंच तर गणित. मालिकेची दीड मिनिटाची झलक हीं आमचीं ज्ञात पदें. कप्तानाचा स्वभाव हा आमचा 'क्ष'. मामांच्या चाळींतील मुलें न कळलेलें संभाषण आठवडाभर रचीत, 'केरळ कोकिळ'चे वाचक पुढील अंकापर्यंत त्या प्रवाशांचें काय झालें असेल याचा तर्क करीत असतील, आणि आम्ही मधल्या सुट्टींत वाद घालतों. तिन्ही ठिकाणीं काम एकच आहे. कर्त्यानें जी जागा मोकळी सोडिली तींत ऐकणाराहि थोडा वेळ कर्ता होतो. वाट पाहणारा मनुष्य रिकामा बसलेला नसतो. गोष्टीचा अर्धा भाग तो स्वतः रचीत असतो.

मात्र या आनंदांत एक धोका आहे, तो सांगितल्याशिवाय उत्तर पुरें होणार नाहीं. वाट पाहतां पाहतां आपण मनांत जी गोष्ट रचितों, ती पुष्कळदां पुढें येणाऱ्या गोष्टीहून सुंदर असते, आणि मग निराशा होते. 'द ऑर्विल'चे पहिले भाग आले तेव्हां पुष्कळ टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. तिला आधार मिळाला तो सामान्य प्रेक्षकांचा. तिचा दुसरा हंगाम २५ एप्रिल २०१९ रोजीं संपला व तिसरा २ जून २०२२ रोजीं सुरू झाला. मध्यें करोनाच्या साथीमुळें चित्रीकरण थांबलें होतें. तीन वर्षांहून अधिक काळ ज्यांनीं धीर धरला, ते केवळ हंसण्याचे भुकेलेले नव्हते, तर त्या काल्पनिक यानावरील मंडळींचे स्नेही झाले होते. खऱ्या आकाशानेंहि आपणांस हा धडा दिला आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर 'चांद्रयान-२'च्या अवतरकाशीं संपर्क तुटला, तेव्हां जागत बसलेलीं मुलें रडलीं. आणि २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळीं 'चांद्रयान-३' चंद्रावर उतरलें, तेव्हां तींच मुलें चार वर्षांनीं मोठीं होऊन नाचलीं. अपेक्षाभंगानें ज्याची उत्सुकता मरते त्याची ती उत्सुकता वरवरचीच असते.

आतां शेवटची गोष्ट, आणि या लेखाचें खरें प्रयोजन तेंच आहे. आम्ही ज्यांची वाट पाहतों त्या मालिका बहुतेक दूर देशीं, दुसऱ्या भाषेंत तयार होतात. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं; व्हर्नहि फ्रेंचच होता. परंतु आपल्या घरांत सामग्री नाहीं असें थोडेंच आहे? चिं. वि. जोशी यांचे चिमणराव हे संकट दिसतांच घाबरणारे व त्यांतून कसेबसे निभावून जाणारे नायक. गेल्या शतकांतील सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शननें त्यांची मालिका दाखविली, तेव्हां दिलीप प्रभावळकर यांचे चिमणराव व बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ पाहण्याकरितां घरोघरीं लोक संचापुढें बसत. असला मनुष्य अंतराळयानांत चढविला तर काय होईल, याचा विचार करून पाहा! शास्त्राची बाजूहि उणी नाहीं. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत जयंत नारळीकर यांनीं आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलट करून, 'नारायण विनायक जगताप' या टोपणनांवानें 'कृष्णविवर' ही कथा पाठविली व पहिलें बक्षीस मिळविलें. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ असूनहि त्यांनीं आपली कथा परीक्षकांपुढें अनोळखी म्हणून उभी केली. मग आपण खरोखरच अनोळखी असलेल्यांनीं संकोच कां करावा?

विद्यार्थिमित्रांनो, नव्या मालिकेची वाट अवश्य पाहा. तिच्याविषयीं वादहि खुशाल घाला. पण तो वाद मधल्या सुट्टीबरोबर संपूं देऊं नका. कप्तान कसा असावा याविषयीं तुमचें जें मत आहे, तें एका पानावर उतरवा. यान कल्याणच्या खाडीवरून उडवा, त्यांत डब्याची पोळीभाजी तरंगूं द्या, आणि प्रकाशाच्या वेगाचा नियम मोडूं नका. आमच्या वर्गांतील दोन्ही पक्षांनीं तसें करावयाचें ठरविलें आहे. कथा लिहून झाल्या कीं त्या प्रथम आमच्या गणिताच्या शिक्षकांना दाखवावयाच्या, हेंहि एकमतानें ठरलें आहे. त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांना तेव्हां हातांत घेऊन वाचतां येईल.